गोधडी : स्मृती आणि श्रम

मराठी ललित साहित्यात गोधडी बहुधा ‘मायेची ऊब’ या प्रतिमेच्या रूपाने येते. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. उबेवर भर देताना ती गोधडीमागील श्रम नजरेआड करते. गोधडीतील स्मृतीचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम तिच्या घडणीकडे पाहणे आवश्यक ठरते.

गोधडीत (काही भागांत तिला वाकळ म्हणतात) जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवले जातात. हे कापड कष्टात झिजलेले असते. लुगडे शेतात आणि चुलीपाशी विरते, धोतर औतामागे विरते. म्हणजेच सुई लागण्यापूर्वीच कापडात एका श्रमाची खूण उमटलेली असते. शिवण हा दुसरा श्रम. उन्हाळ्यातील, रिकाम्या समजल्या जाणाऱ्या दुपारी शेजारणी कडेकडेने बसून टाके घालतात. टाक्यांच्या कमीअधिक लांबीवरून हात बदललेला ओळखता येतो. नाव मात्र कोणाचेच उरत नाही. गोधडी जीर्ण झाली की तीच नव्या गोधडीचा आतला थर होते. येथे स्मृती चितारलेली नसते. ती थरांत साठलेली असते.

या संदर्भात जात्यावरच्या ओवीशी तुलना उद्बोधक आहे. दोहोंचा उगम स्त्रियांच्या घरकामात आहे. ओवी शब्दरूप असल्याने तिची नोंद झाली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. गोधडी मात्र वापरातच संपते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) लोकांत ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखले जात. पांघरणाऱ्याच्या नावाशी गोधडी जोडली गेली. शिवणारणीच्या नावाशी ती सहसा जोडली गेली नाही.

आज अनेक स्त्रिया मजुरीवर गोधड्या शिवतात आणि शहरी बाजारात त्यांना मागणी आहे. अशा वेळी ‘माया’ हा शब्द श्रमाचे मोल कमी लेखण्यास सोयीचा ठरू शकतो. मायेने केलेल्या कामाचा हिशेब सहसा मागितला जात नाही. म्हणून साहित्यातील गोधडी वाचताना ती कोणी पांघरली याबरोबरच ती कोणी, कोणत्या कामातून उसंत काढून शिवली, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. ऊब ही त्या श्रमाची फलश्रुती आहे, त्याला पर्याय नव्हे.