चाकांवरचे रसोडे : साकीनाक्याहून इटलीपर्यंत

युरोपची सहल ठरू लागली की व्यापारी जैन कुटुंबात पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो, आजीचा असतो. चौविहार करणारी, उकळलेले पाणी पिणारी, आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य मानणारी आजी हॉटेलच्या जेवणावर तीन आठवडे काढणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. मग तीच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," आणि विषय तेथेच मिटतो. साकीनाक्याच्या गाळ्यांवरून आणि इमारतींवरून दिवसभर विमाने जातात. विमानतळ इतका जवळ असूनही आजीचा प्रवास पालिताणा-शिखरजीपुरताच राहतो.

या अडचणीवर कॅराव्हॅन हा खरा उपाय आहे. छ'री पाळत निघणाऱ्या पायी संघात रसोडे पुढच्या मुक्कामी आधीच पोहोचलेले असते. येथे ते गाडीतच असते. शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, शौचालय, झोपण्याच्या जागा असे सारे एका वाहनात. मागे जोडून ओढायची ती कॅराव्हॅन आणि स्वतःचे इंजिन असलेली ती मोटरहोम. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसलेल्या मुंबईकराने मोटरहोमच घ्यावी.

भाड्याची गाडी जेथून घ्यायची तेथेच परत करणे स्वस्त पडते, म्हणून मार्ग वर्तुळाकार आखावा. बेल्जियममधील अँटवर्प हे आरंभस्थान आपल्या समाजाला सोयीचे आहे. हिरेव्यापारातील पालनपुरी कुटुंबांमुळे तेथे जैन वस्ती आहे आणि विल्रेक उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथांचे संगमरवरी मंदिर आहे. दर्शन घेऊन, डाळ-पीठ भरून निघावे. लक्झेंबर्ग, स्ट्रासबुर्ग, बाझल, मग जवळजवळ १७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड बोगदा आणि मिलान, असे हे सुमारे हजार किलोमीटर होतात. पुढे सोन्याच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले विचेन्झा, मग उदिने. परतताना साल्झबुर्ग, म्युनिक, कोलोन. एकूण अडीच हजारांहून थोडे अधिक किलोमीटर. दिवसाला अडीचशेपेक्षा जास्त चालवू नये. वेळेची कसर आजीच्या कंबरेतून काढणे योग्य नव्हे.

कागदपत्रांचे काम किचकट नाही, मात्र क्रमाने करावे लागते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. सर्वाधिक मुक्काम इटलीत असेल तर अर्जही इटलीकडेच, विमान ब्रसेल्सला उतरले तरी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आर.टी.ओ.तून एक वर्षासाठी मिळतो आणि त्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. हे वजन माणसांसह आणि सामानासह धरलेले असते. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तेथेच गेले. गाडी सहा जणांच्या झोपण्याची असली तरी आसनपट्टे चारच असू शकतात, आणि चालत्या गाडीत प्रत्येकाला पट्टा हवा. पाच जणांच्या कुटुंबाने बिछाने नव्हे, पट्टे मोजावेत.

आता रसोड्याकडे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, बर्फी सारे विमानतळावरच जप्त होणार. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय हापूसची पेटीही चालत नाही. खाखरे, मसाले, पीठ न्यावे. तूप तेथील लोणी कढवून गाडीतच करावे. भाड्याच्या गाडीतील भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल ते सांगता येत नाही, म्हणून कुकर, तवा, कढई आपलीच हवी. गॅसवर पाणी उकळावे, विजेवर नको. मुक्कामाच्या तळावर अनेकदा ६ अँपिअरचीच जोडणी मिळते, म्हणजे साधारण १,३८० वॉट. दोन हजार वॉटची इलेक्ट्रिक शेगडी लावताच वीज जाते, आणि रात्रीच्या थंडीत शेजाऱ्यांसमोर तळाच्या व्यवस्थापकाला शोधावे लागते.

इटलीत शाकाहारी पदार्थ भरपूर मिळतील, जैन मात्र थोडे. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. वेष्टनावर 'काल्यो वेजेताले' असे असेल तर विरजण वनस्पतिजन्य. नुसते 'काल्यो' असेल तर ते चीज ठेवून द्यावे. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. सुका पास्ता मात्र गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा. टोमॅटो, तुळस आणि ऑलिव्ह तेलात तो गाडीतच करावा. बाहेर खायचेच तर 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला', म्हणजे लसूण नको, कांदा नको, ही दोन वाक्ये मुलांकडून पाठ करून घ्यावीत. गाजराचे वेगळे सांगावे लागते, कारण तेथील बहुतेक सुपांची सुरुवात कांदा-गाजरानेच होते.

चौविहाराची भीती मात्र उलटी ठरते. जूनच्या उत्तरार्धात मिलानला सूर्यास्त रात्री सव्वानऊला, अँटवर्पला दहाच्या सुमारास होतो. मुंबईत सव्वासातला ताट उचलणाऱ्या आजीला तेथे दोन तास अधिक मिळतात, आणि सूर्योदय साडेपाचला असल्याने नवकारशीही साडेसहाच्या आत येते. डिसेंबरात मात्र मिलानला पावणेपाचलाच सूर्य मावळतो. नाताळच्या सुट्टीतील स्वस्त तिकिटांचा मोह टाळावा. अक्षय तृतीयेची पारणी आटोपल्यावर आणि आषाढी चौदसपूर्वी, हाच काळ शाळांनाही जुळतो.

रस्त्यांचे नियम देशागणिक बदलतात. स्वित्झर्लंडचा वार्षिक पथकर-शिक्का ४० फ्रँकचा. ऑस्ट्रियातही शिक्का लागतो. शिवाय साल्झबुर्गच्या वाटेवरील टाउर्न आणि काट्शबेर्ग बोगद्यांचा कर वेगळा. इटलीच्या महामार्गावर शिरताना तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे. जुन्या शहरांच्या गाभ्यात 'झेड.टी.एल.' असे फलक असतात. तेथे परवान्याशिवाय शिरलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनंतर साकीनाक्याच्या पत्त्यावर येऊ शकते. गाडी शहराबाहेर ठेवून बसने जावे.

व्हेनिसनंतर बहुतेक प्रवासी मागे फिरतात; जैन कुटुंबाने सव्वाशे किलोमीटर पुढे उदिनेला जावे. लुइजी पिओ तेस्सितोरी यांचा जन्म तेथे १८८७ मध्ये झाला. भारत पाहण्यापूर्वीच त्यांनी धर्मदास गणींच्या 'उवएसमाला' या प्राकृत ग्रंथाचे संपादन १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. आचार्य विजयधर्मसूरींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि राजस्थानातील हस्तलिखिते, चारणी काव्ये, कालीबंगाचे अवशेष यांच्या शोधात वाळवंट पालथे घालत राहिले. आई आजारी असल्याचे कळल्यावर १९१९ मध्ये ते उदिनेला निघाले. पोहोचण्यापूर्वीच ती गेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते बिकानेरला परतले आणि काही दिवसांतच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वारले. त्यांची समाधी बिकानेरला आहे. उदिनेत त्यांच्या नावाची भारतविद्या संस्था आहे.

मे-जूनच्या गाड्या आधीच्या हिवाळ्यातच संपू लागतात. दिवाळीला नवी वही उघडताना गाडीची नोंदणी करावी, आणि आजीचा पासपोर्ट त्याहून आधी काढावा.