फिस्टुलाचा हात

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. त्याच दशकात तिकडे अमेरिकेत किडनीच्या रुग्णांचा एक पेच सुटत होता. डायलिसिसच्या दर खेपेला नवी शीर आणायची कुठून? १९६० मध्ये सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. पण तिच्यात गुठळ्या व्हायच्या, जंतुसंसर्ग व्हायचा. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि अॅपेल यांनी मनगटाजवळची धमनी थेट शिरेला जोडल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. हाच फिस्टुला. धमनीच्या दाबानं शीर फुगते, जाड होते आणि मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त पुरवते. जिथं तो जमतो, तिथं आजही पहिली पसंती त्यालाच.

आपल्याकडे डायलिसिसच्या खर्चाचा प्रश्न बराच उशिरा हलला. नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१६ मध्ये केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आला. कामगारांना ईएसआयचा आधार आहे, पण २०१७ पासून तो महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला. मशीनची सोय होत गेली, शिरेकडे मात्र दुर्लक्षच झालं.

देशात बहुतेकांचं डायलिसिस मानेच्या शिरेत घातलेल्या नळीवरच सुरू होतं. बीपी, शुगर वर्षानुवर्षं अंगावर काढलेली असते. धाप लागली, पाय सुजले की धावाधाव. फिस्टुला तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, ते कुणाकडे नसतात. त्यातच वॉर्डात सलाईन लावून लावून हाताच्या शिरा आधीच खराब झालेल्या. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

सुई टोचण्याआधी टेक्निशियन फिस्टुलावर बोटं टेकवतो. चालू मोटारीच्या पत्र्याला हात लावावा तशी थरथर लागते. मग मागच्या खेपेची जागा सोडून तो पुढं टोचतो. एकाच जागी टोचत राहिलं की शीर तिथं फुगते, कातडी पातळ होते. ही थरथर रुग्णानं घरीही रोज तपासायची. ती थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त काढणं नको, घट्ट घड्याळ नको. चाकणच्या लाईनवर जड जॉब उचलणाऱ्याला लाइट ड्युटी मागावी लागते, आणि कंत्राटी माणसाला ती मागायचीच भीती वाटते.

कारखान्यांत वर्षाला मेडिकल चेकअप होतं. तिथं बीपी-शुगरवाल्यांचं क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन तपासलं, तर किडनीचा आजार काही वर्षं आधी कळेल. आणि तो वाढत असलेल्याच्या कागदावर कंपनीच्या डॉक्टरांनी ठळक लिहावं: पुढं फिस्टुला करायच्या हाताला (बहुतेकांचा डावा) सुई टोचू नये.