काम एकच, पण वर्क, जॉब, लेबर की सर्व्हिस?

इंग्रजीतला ‘वर्क’ हा शब्द आपल्या वस्तीत शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक आहे. पोरांच्या तोंडी ‘होमवर्क’, बापाच्या तोंडी ‘वर्कशॉप’ आणि युनियनच्या फलकावर ‘वर्कर’. शब्दकोश उघडला की ‘वर्क म्हणजे काम’ एवढे सापडते आणि पुढे जॉब, लेबर, ड्युटी, सर्व्हिस, एम्प्लॉयमेंट अशी भावंडांची रांग लागते. मुले ती पाठ करतात, परीक्षेत समानार्थी शब्द म्हणून लिहितात आणि गुण मिळवतात. गुणांबद्दल आमची तक्रार नाही. पण हीच समजूत घेऊन मुलगा नेमणूकपत्रावर सही करायला बसला तर फसू शकतो, म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. घरात कोणी बारावी-पंधरावीला असेल तर त्याने हे मोठ्याने वाचावे, म्हणजे आजीलाही ऐकता येईल.

पहिली गोष्ट मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी. ‘वर्क’ मोजता येत नाही, ‘जॉब’ मोजता येतो. म्हणून ‘मला एक वर्क पाहिजे’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत. तिथे जॉबच हवा. ‘वर्क्स’ असे अनेकवचन केले की अर्थच पालटतो. मग तो कारखाना होतो, नाहीतर एखाद्या लेखकाची ग्रंथसंपदा. ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ ही पाटी आपण रोज पाहतो, ती यातलीच. शिवाय वर्क बिनपगारीही असते. घरी आई पहाटेपासून करते ते सगळे वर्कच, पण तिला जॉब आहे असे कोणी म्हणत नाही! जॉबला पगार लागतो.

‘लेबर’ मध्ये घाम आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच कष्ट. प्रसूतीच्या कळांना इंग्रजी माणूस लेबर म्हणतो, म्हणून दवाखान्यात ‘लेबर रूम’ असते, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नकोच. पुढे हाच शब्द कष्टकऱ्यांच्या सगळ्या वर्गाला लागला. बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेल्या पक्षाच्या इंग्रजी नावात ‘लेबर’ होते आणि मराठीत तो झाला ‘स्वतंत्र मजूर पक्ष’. ‘वर्क’ला असा वर्ग उभा करता येत नाही.

आता ‘सर्व्हिस’. ‘आमचे जावई सर्व्हिसला आहेत’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो, आणि का उच्चारू नये? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावकीची कामे करावी लागली त्यांच्या घरात महिन्याचा पगार येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण खुद्द इंग्लंडात ‘सर्व्हिसमध्ये आहे’ याचा जुना अर्थ दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणारा गडी किंवा मोलकरीण असा होता. शब्दाचे लॅटिन मूळ तर गुलाम या अर्थाच्या शब्दात आहे. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक विवाद विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी हेच मर्म पकडले. संप हा फार तर करारभंग ठरेल, तो गुन्हा नव्हे. तो गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध सेवा करायला लावणे आणि त्यालाच गुलामी म्हणतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला.

गुलामीच्या अलीकडची पायरी म्हणजे वेठ. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाची इंग्रजी प्रत कोणाकडे असल्यास जरूर पाहावी. तिथे ‘बेगार’ हा आपलाच शब्द रोमन लिपीत बसवला आहे आणि त्याला जोडून तशाच सक्तीच्या मजुरीवर, म्हणजे ‘फोर्स्ड लेबर’वर बंदी घातली आहे.

पण ‘फोर्स्ड’ म्हणजे कोणाची सक्ती? पाठीवर काठी असली तरच ना? हा प्रश्न १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालली होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये, आणि त्यातला एक रुपया जमादार आपली दलाली म्हणून कापून घेत. न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी निर्णय दिला की भुकेची आणि गरजेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे म्हणजे फोर्स्ड लेबर. एका शब्दाचा अर्थ रुंद झाला आणि रोजच्या रुपयाची चोरी घटनेच्या कलमात येऊन बसली.

शब्द रुंद करता येतो तसा तो बदलून माणसाला बाहेरही ठेवता येते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण ‘वर्कमन’ला होते, मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणाऱ्याला नव्हते. मग काही ठिकाणी हाताने काम करणाऱ्याच्या छातीवरही ‘सुपरवायझर’, ‘एक्झिक्युटिव्ह’ अशी पाटी लावली जाई. घरी पेढे वाटले जात, आणि कामावरून काढले की कळे, आपण वर्कमन नाही असे मालक म्हणतो आहे. न्यायालये मात्र पाटी न बघता माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ‘वर्कमन’च्या जागी ‘वर्कर’ आला. शब्दातला ‘पुरुष’ गेला हे बरे झाले.

आजच्या पोरांसाठी नवी पाटी आहे ‘पार्टनर’. मोटारसायकलवर पाठीला पिशवी लावून जेवण पोहोचवणारा आपला मुलगा कागदोपत्री कंपनीचा भागीदार! नफ्यातला हिस्सा मात्र कोणी पाहिलेला नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांनी याच शब्दावरून उबर कंपनीशी भांडण मांडले. ब्रिटिश कायद्यात तीन खाने आहेत. ‘एम्प्लॉयी’ला सर्वात जास्त हक्क, ‘वर्कर’ला त्याहून कमी, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला जवळपास काहीच नाही. कंपनीचे म्हणणे होते, हे चालक तिसऱ्या खान्यातले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की ते ‘वर्कर’ आहेत. त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली पाहिजे.

आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग वर्कर’ हा शब्द आणला. मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करून कमावणारा, अशी त्याची व्याख्या. विमा, आरोग्य, म्हातारपण यांसाठी योजना करण्याची तरतूद त्यात आहे. ‘वर्कर’ म्हटले, ‘एम्प्लॉयी’ म्हटले नाही.

तेव्हा पोरांनी मोबाईलवर ‘मान्य आहे’चे बटण दाबण्याआधी किंवा कागदावर सही करण्याआधी तीन जागा शोधाव्यात. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारली आहे. पैशाला ‘वेज’, ‘सॅलरी’ म्हटले आहे की ‘कमिशन’, ‘पेआउट’. आणि कामावरून दूर करण्याला कोणता शब्द वापरला आहे. शब्द अडला तर वस्तीतल्या शिकलेल्या ताईला, नाहीतर युनियनच्या माणसाला विचारावे, आणि कागदाची एक प्रत घरी ठेवावी.