कर्ज, थकबाकी आणि कायदा – लेखांक ९ : बुटीबोरीचा वीज प्रकल्प आणि बँकांचे हिशेब

नागपूरच्या दक्षिण भागातील मनीषनगरवरून वर्धा मार्गाने पुढे गेल्यावर लागणाऱ्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर लिमिटेड या कंपनीचा, प्रत्येकी ३०० मेगावॉटच्या दोन संचांचा, कोळशावर चालणारा वीज प्रकल्प आहे. या कंपनीने अ‍ॅक्सिस बँकेविरुद्ध केलेल्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०२२ रोजी दिलेला निकाल देशभरच्या कंपनी वकिलांच्या बोलण्यात नुसत्या ‘विदर्भ’ या नावाने ओळखला जातो. थकबाकीदार कंपनीविरुद्ध बँकेने केलेला दिवाळखोरीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतलाच पाहिजे काय, हा त्यातील प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु कर्ज देणाऱ्या बँकेचा ताळेबंद, मालकाची कंपनीवरील पकड आणि लहान पुरवठादारांची बिले या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ अस्तित्वात येण्यापूर्वी बँकांकडे कायदे नव्हते असे नाही. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याखाली प्रकरण एकदा औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेले की वसुलीचे दावे थांबत आणि मालक मात्र खुर्चीवर कायम राहत असे. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेली कर्जवसुली न्यायाधिकरणे, ज्यांपैकी एक नागपुरातही आहे, प्रकरणांच्या ओझ्याखाली दबली. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला असला, तरी त्यातून यंत्रे आणि जमीन विकता येते, चालता कारखाना वाचवता येत नाही. २०१६ च्या संहितेने हा क्रम उलटा केला. थकबाकी सिद्ध होऊन अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार निराकरण व्यावसायिकाकडे म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या नोंदणीकृत तज्ज्ञाकडे जातो, कंपनीविरुद्धच्या सर्व वसुलीला स्थगिती मिळते, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांची समिती ६६ टक्के मतांनी नव्या खरेदीदाराची योजना स्वीकारते. तशी योजना मिळाली नाही तर कंपनी अवसायनात निघते. या साऱ्यासाठी न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवसांची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने घातली.

या यंत्रणेचा दरवाजा म्हणजे संहितेचे कलम ७. पुण्याच्या इनोव्हेन्टिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीविरुद्ध आयसीआयसीआय बँकेने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी असे स्पष्ट केले होते की, कर्ज देय झाले आहे आणि ते फेडलेले नाही एवढी खात्री पटली की न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घ्यावा. महाराष्ट्राच्या १९५८ च्या साहाय्यित उपक्रम कायद्याखाली आपल्याला देणी पुढे ढकलण्याची सवलत आहे, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने मानला नाही. पुढील पाच वर्षे बँका याच वाचनावर विसंबून राहिल्या.

बुटीबोरीच्या कंपनीची अडचण मात्र वेगळ्या जातीची होती. वीज बनवण्यासाठी लागलेल्या कोळशाचा प्रत्यक्ष खर्च दरात किती धरायचा यावरून तिचा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाशी वाद झाला. वीज अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, आयोग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि आपल्याला येणे असलेले १,७३० कोटी रुपये या अपिलात अडकल्यामुळेच बँकेचे देणे थकले, असे कंपनीचे म्हणणे होते. जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅक्सिस बँकेने कलम ७ खाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. न्यायाधिकरणाने व अपिलीय न्यायाधिकरणाने कंपनीची थांबण्याची विनंती फेटाळली; सर्वोच्च न्यायालयाने मात्र दोन्ही आदेश रद्द केले. परिचालन धनकोच्या, म्हणजे माल किंवा सेवा उधारीवर देणाऱ्याच्या, अर्जासंबंधी कलम ९ मध्ये आज्ञार्थी शब्द आहे आणि वित्तीय धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, अर्जासंबंधी कलम ७ मध्ये ऐच्छिक शब्द आहे. तेव्हा बँकेच्या अर्जावर निर्णय देताना न्यायाधिकरणाने कंपनीची एकंदर आर्थिक प्रकृती आणि तिला मिळू शकणारी रक्कम यांचाही विचार करावा, असा निकालाचा आशय होता. बँकेने मागितलेला पुनर्विचारही सप्टेंबर २०२२ मध्ये नाकारण्यात आला.

या स्वेच्छाधिकाराची किंमत कोठे मोजली जाते हे पाहण्यासाठी बँकेच्या हिशेबवहीत शिरावे लागते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि बुडण्याच्या शक्यतेपोटी बँकेला नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते; हीच ‘तरतूद’. रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या परिपत्रकानुसार मोठ्या कर्जदाराच्या बाबतीत ३० दिवसांच्या आढावा काळानंतर १८० दिवसांत तोडगा अमलात आला नाही तर २० टक्के आणि आढावा काळ सुरू झाल्यापासून ३६५ दिवसांतही आला नाही तर एकूण ३५ टक्के जादा तरतूद करावी लागते. या जादा तरतुदीचा निम्मा भाग दिवाळखोरीचा अर्ज सादर केल्यावर परत घेता येतो आणि उरलेला निम्मा तो अर्ज दाखल करून घेतला गेल्यावर. म्हणजेच न्यायाधिकरणाच्या टेबलावर अर्ज जितका काळ पडून राहतो तितका काळ बँकेचे भांडवल कुलूपबंद राहते, ते नव्या कर्जासाठी वापरता येत नाही, आणि दरम्यान बंद प्रकल्पाची यंत्रे झिजत असल्यामुळे शेवटी मिळणारी रक्कमही घटते. कलमाच्या शब्दांकडे पाहता न्यायालयाचे वाचन अशक्य कोटीतील नव्हते. पण अनिश्चित येण्याच्या भरवशावर ऋणकोला थांबू देणे म्हणजे त्या येण्याची जोखीम गुपचूप बँकेच्या, पर्यायाने ठेवीदाराच्या, माथी मारणे होय, आणि संहिता नेमके तेच टाळण्यासाठी केली गेली होती.

हे न्यायालयाच्याही ध्यानात आले असावे. कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये त्याने इनोव्हेन्टिव्हचे तत्त्व कायम असून ‘विदर्भ’ त्यातील विशिष्ट वस्तुस्थितीपुरता मर्यादित असल्याचे सांगितले, आणि १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात, थकबाकी सिद्ध झाल्यावर इतर कोणतेही कारण न पाहता अर्ज दाखल करून घेण्याचे बंधन प्रस्तावित झाले.

प्रकल्पाचे पुढे काय झाले तेही बोधप्रद आहे. कर्ज सीएफएम या मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे, म्हणजे बँकांची थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या संस्थेकडे, गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ प्रवर्तक रिलायन्स पॉवरने तिच्याशी तडजोड करून ३,८७२ कोटी रुपयांच्या थकबाकीवरील आपल्या हमीतून सुटका मिळवली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. जून २०२५ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने अदानी पॉवरची योजना मंजूर केली व जुलैत ४,००० कोटी रुपयांत प्रकल्पाचे हस्तांतर पूर्ण झाले. अर्ज दाखल करून घेतला गेल्यानंतरचे काम दहा महिन्यांत उरकले. अ‍ॅक्सिस बँकेच्या पहिल्या अर्जापासून मोजले तर मात्र साडेपाच वर्षे लागली.

बँकांखेरीज इतर धनकोंची बाजू मात्र कायद्यात दुबळीच आहे. वाहतूकदार, सुटे भाग पुरवणारे, देखभालीचे कंत्राटदार यांना धनकोंच्या समितीत मत नसते. कंपनी अवसायनात निघाली असती तर जेवढे मिळाले असते त्याहून कमी त्यांना देता येत नाही, परंतु तारणधारक बँकांचा हक्क आधीचा असल्यामुळे ही किमान रक्कम पुष्कळदा शून्याच्या आसपास असते. कामगारांच्या मागील २४ महिन्यांच्या थकीत वेतनाला अवसायनात तारणधारकांच्या बरोबरीचे स्थान आहे. योजना मंजूर झाली की तिच्यात समाविष्ट नसलेले जुने दावे कायमचे विझतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ठरवून दिले आहे. त्यामुळे बुटीबोरीतील कारखान्यांना माल देणाऱ्या मनीषनगर-बेसा भागातील लहान व्यावसायिकाने गिऱ्हाईक कंपनीची प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना वृत्तपत्रात दिसताच मुंबईच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. सूचनेत दिलेल्या मुदतीत, जी साधारणतः १४ दिवसांची असते, बिले व पोचपावत्या जोडून ‘नमुना बी’मधील दावा निराकरण व्यावसायिकाकडे पाठवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.