दुधाची धार, जवसाचे तेल

वऱ्हाडात जवस म्हटला की आधी चटणी आठवते. तैलरंगाच्या नळीतही बहुधा त्याच जवसाचे तेल असते. विदर्भ हा जवसाचा जुना पट्टा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर केंद्रातून 'एनएल ९७' हा वाण आला. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. ऑइल पेंटिंगचे निम्मे नियम यातूनच निघाले आहेत.

अमरावती-अकोल्याची मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात ती जलरंग नाहीतर पोस्टर कलर घेऊन. तैलरंगाशी गाठ पडते पुढे, आणि मग प्रश्न येतो: सुरुवात कुठून करायची? जुने उत्तर आहे, नक्कल करा.

वऱ्हाडच्या वेशीवरच्या अजिंठ्यातच त्याचा मोठा दाखला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना तिथे नेत आणि भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करून घेत. लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या अनेक नकला १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या. हात मात्र तयार झाले होते. त्या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरांतल्या दृश्यांसाठी नावाजले.

नकलेसाठी घरगुती दृश्यच निवडायचे तर डच चित्रकार व्हर्मीरची 'दूध ओतणारी' घ्यावी. हे १६६० च्या सुमाराचे चित्र जेमतेम ४५.५ बाय ४१ सेंटिमीटरचे आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याची मोठी प्रतिमा मोफत खुली केली आहे. ती मोठी करून पाहिली की भिंतीतला खिळा, उपटलेल्या खिळ्यांची भोके, पावावरचे रंगाचे ठिपके दिसतात. बाईची उजेडाकडची बाजू गडद भिंतीवर येते, सावलीतली बाजू उजळ भिंतीवर. म्हणून ती भिंतीतून सुटून पुढे येते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत कळले की मागे आधी सुरया टांगायची फळी रेखली होती. व्हर्मीरने ती रंगाखाली झाकली आणि भिंत मोकळी सोडली. काय गाळावे, हाही नकलेतला धडाच.

काम असे चालते. चौकटी आखून रेखाटन उतरवायचे. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये आधी फक्त उजेड-सावली बसवायची, रंग नंतर. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटे केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

वऱ्हाडी उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की थर लवकर धरतात. पॅलेटवर रंग थोडाच काढावा. टर्पेंटाइन पटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि शेगडी दूर. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा स्वतःच तापून पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

एक नक्कल पुरी झाली की त्याच रंगांत घरचा पितळेचा गंज खिडकीशी ठेवून रंगवून पाहावा. काय शिकलो ते तिथे कळते. आणि नकलेच्या कॅनव्हासमागे मूळ चित्रकाराचे नाव ठळक लिहावे, मगच आपली सही करावी.