गूळ, वाफ आणि कापसाची धूळ

सूतगिरणीच्या ब्लोरूममध्ये किंवा कार्डिंग खात्यात ज्याने एक पाळी काढली आहे, त्याला धूळ म्हणजे काय हे आम्ही सांगावे असे नाही. इतरांसाठी सांगतो. गाठी फोडून कापूस पिंजताना पानांच्या व बोंडांच्या चुऱ्यासह बारीक धूळ उडते. तीत जंतूंचे विषही असते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि पुढे एकदोन दिवसांत बरे वाटू लागते. म्हणून पुष्कळजण सुटीतल्या खाण्यापिण्याला बोल लावतात. वेळीच धुळीतून बाहेर काढले तर माणूस सुधारतो. उशीर झाल्यास फुप्फुसाची हानी कायमची.

आमच्या लोकांचा यावर पहिला उपाय गूळ. त्याला अगदीच आधार नाही असे नव्हे. १९९४ साली लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील दोन संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसात कोळशाची व सिलिकाची धूळ घालून त्यांना गूळ दिला; फुप्फुसातील कण हलण्यास त्याने मदत होते असे त्यांना आढळले. (आम्ही सातवीत शाळा सोडलेली, तो इंग्रजी निबंध शब्दकोश घेऊन महिनाभर वाचत होतो.) परंतु ते उंदीर होते आणि धूळ कापसाची नव्हती. एवढ्यावर माणसाची छाती गुळाच्या हवाली करता येत नाही. मधुमेह असलेल्याने तर खडा तोंडात टाकूच नये.

जलनेतीने नाकात अडकलेली धूळ निघते, हे खरे. पाणी मात्र उकळून कोमट केलेले, मीठ घातलेले असावे. वाफेने घसा मोकळा वाटतो. पण खोल गेलेली धूळ वाफेने, घामाने वा उपवासाने बाहेर येत नाही. विडी सोडणे या सर्वांहून गुणकारी.

गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. माती, पाणी, हवा, आहार ही त्या पद्धतीची साधने; पण रोगाचे कारण आधी दूर करा, हे तिचे मूळ. गिरणीत कारण कोणते? हवेतली धूळ. तेव्हा खरा निसर्गोपचार म्हणजे यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा व नळ. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम हेच सांगत होते. अमेरिकेने १९७८ साली सूत कातणाऱ्या खात्यांसाठी घनमीटरभर हवेत २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली, आणि त्यानंतर तेथे हा विकार झपाट्याने घटला.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. एका गिरणीत आम्ही मागणीपत्रात धूळ ओढण्याचे यंत्र आणि रोजचा गूळ, दोन्ही मागितले. गूळ त्याच बैठकीत मंजूर झाला. यंत्राचे ‘पुढे पाहू’ म्हणाले, आणि आम्ही सही केली. कार्डिंगमधला आमचा एक सोबती तीन वर्षे गूळ आणि काढा घेत राहिला. छातीच्या डॉक्टरांकडे नेला तेव्हा जिना चढणे त्याला जमत नव्हते.

तेव्हापासून आम्ही गूळ मागत नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी मागतो. तीही सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा. दोन आकड्यांतला फरक कागदावर आला की यंत्राची गोष्ट त्याच बैठकीत काढतो.