आमवाताचे जनुकीय जोखीम-घटक कसे शोधतात?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. समरूप जुळ्यांपैकी एकाला हा रोग असेल, तर दुसऱ्यालाही तो सुमारे 15 टक्के वेळा आढळतो. भिन्न जुळ्यांत साधारण 4 टक्के. म्हणजे जनुकांचा वाटा आहे, पण डीएनए सारखा असूनही बहुतेक जुळी भावंडे वाचतात.

आता ही जनुके शोधायची कशी? रुग्ण आणि निरोगी असे दोन गट घ्यायचे आणि डीएनएमधील एकेका स्थानावर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजायचे. पीटीपीएन22 या जनुकाचे उदाहरण घेऊ. त्यातील 1858 व्या स्थानी सी ऐवजी टी आले, की प्रथिनातील 620 वे अमिनो आम्ल बदलते. टी-पेशींच्या संदेशांना लगाम घालणारे हे प्रथिन आहे. आमवाताशी त्याचा संबंध 2004 मध्ये दिसला. समजा, 2,000 रुग्णांच्या 4,000 प्रतींपैकी 600 मध्ये टी आहे आणि तितक्याच निरोगी लोकांत 360 मध्ये. मग ऑड्स रेशो = (600 × 3640) ÷ (3400 × 360), म्हणजे सुमारे 1.8.

खरी अडचण पुढे आहे. 2007 च्या ब्रिटिश वेलकम ट्रस्ट अभ्यासात सात रोगांचे प्रत्येकी सुमारे 2,000 रुग्ण आणि 3,000 सामाईक निरोगी व्यक्ती होत्या. तपासलेली स्थाने सुमारे पाच लाख. पी-मूल्याची मर्यादा नेहमीची 0.05 ठेवली, तर निव्वळ योगायोगाने 25,000 स्थाने ‘दोषी’ ठरतील! सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल: थ्रेशोल्ड खाली आणला की नॉइजच सिग्नल म्हणून दिसू लागतो. म्हणून 0.05 ला सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्यांनी भागून 5 × 10⁻⁸ ही मर्यादा रूढ झाली. वरच्या उदाहरणातील फरक ती सहज ओलांडतो. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-डीआरबी1 चा संकेत तर याहूनही ठळक असतो. धूम्रपानाची जोड मिळाली की त्याची जोखीम आणखी वाढते.

दुसरा सापळा नमुन्याचा. रुग्ण एका प्रांतातले आणि निरोगी लोक दुसऱ्या प्रांतातले घेतले, तर रोगाशी काडीचाही संबंध नसलेले प्रादेशिक फरक जोखीम-घटक म्हणून पुढे येतात. माझ्या मते विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच चुकतात. पीटीपीएन22 मधील हा टी उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतो, जपानमध्ये जवळजवळ नाहीच. त्यामुळे युरोपीय नमुन्यांवर बेतलेला जोखीम-गुणांक भारतीय रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि 1.8 म्हणजे किती? रोगाचे प्रमाण 100 मागे 1 धरले, तर टी ची एक प्रत असलेल्यांत ते 100 मागे 2 च्याही आत राहते.